चौंडकं ते सिंफनी : अजय-अतुल यांच्या ध्वनीचा प्रवास

१/ इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार आठवतात. ध्वनिमुद्रण हेही तितकेच अस्सल साधन आहे. आजचा धागा एका जोडीच्या बदलत गेलेल्या ध्वनीविषयी.

२/ अतुल (जन्म १९७४) आणि अजय (१९७६) गोगावले. वडील महसूल खात्यात. बालपण जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर परिसरात. घरात संगीताची परंपरा नव्हती. जे शिकले ते ऐकून.

३/ पहिली मोठी ओळख ‘विश्वविनायक’ या संग्रहाने दिली. संस्कृत गणेशस्तुती, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांचे स्वर, मागे समूहगान आणि सिंफनीच्या धर्तीची वाद्यरचना. हार्मोनियम-तबल्याच्या भक्तिगीतांना सरावलेल्या कानांना हा भव्यपणा नवा होता.

४/ ‘जोगवा’ (२००९) मात्र उलट दिशेने गेला. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवरचा चित्रपट. विषय यल्लम्माला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचा. त्यांचे चौंडकं इथे शोभेपुरते वाजत नाही, गाण्याचा कणा होते. संगीताला ५६व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मान मिळाला.

५/ जानेवारी २०१० मध्ये ‘नटरंग’ आला. ढोलकी-लावणीचा ठसका जुनाच, पण मुद्रण आधुनिक : प्रत्येक थाप सुटी, खर्ज भरीव. शिवाय अजय यांचा स्वतःचा वरच्या पट्टीतला, न घासलेला आवाज पुढे आला.

६/ ‘सैराट’ (२०१६) साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद मुद्रित झाला. कीबोर्डवरही व्हायोलिने वाजवता आली असती. पण अनेक धनुकल्या एकाच क्षणी तंतोतंत हलत नाहीत. त्या सूक्ष्म फरकातून आणि दालनाच्या घुमाऱ्यातून ध्वनीला श्वास येतो. जातीची भिंत ओलांडणाऱ्या खेड्यातल्या दोन पोरांच्या प्रेमाला इतका मोठा ध्वनी देणे, हे केवळ तंत्र नव्हते. ती एक भूमिका होती.

७/ आता एक बोचरा प्रश्न. संगीतकार, गायक, गीतकार आपल्याला पाठ असतात. चौंडकं कोणी वाजवले? ढोलकीवर कोण होते? १९०२ साली गौहर जान ध्वनिमुद्रिकेच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारत, कारण तबकड्या जर्मनीत तयार होत आणि तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी लागे. त्या सोयीनेच एक नाव कायमचे टिकले.

८/ मी हे गोसीखुर्दहून लिहितो आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी इथे धरणाची पायाभरणी झाली. पुढे वैनगंगेच्या फुगवट्याखाली अनेक गावे गेली. सातबारे, मोबदल्याच्या याद्या दप्तरात सापडतात. पण गाव उठले की दंडारीचा, खडी गंमतीचा फडही पांगतो, आणि त्याची नोंद कुठल्याच यादीत नसते.

९/ म्हणून मित्रहो, एक काम करा. यंदा धान निघाल्यावर गावात दंडार उभी राहिली, तर मोबाइलवर मुद्रित कराच. आणि शेवटी वादकाला विचारा : नाव, गाव, साल. एवढे तीन शब्द नसतील, तर पुढच्या अभ्यासकाला आवाज मिळेल, माणूस मिळणार नाही.