साउथॉलचा खून आणि टागोरांचे ‘विसर्जन’

४ जून १९७६ रोजी पश्चिम लंडनमधील साउथॉल येथे गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या शीख तरुणाचा तरुणांच्या एका टोळक्याने सुरा भोसकून खून केला. ज्या डोमिनियन चित्रगृहात तेथील पंजाबी कामगार हिंदी चित्रपट पाहावयास जमत, त्याच्याच परिसरात हे घडले. वस्तीने हा वर्णद्वेषाचा बळी मानला. संतप्त मुले रस्त्यावर उतरली आणि ‘साउथॉल यूथ मूव्हमेंट’ उभी राहिली. हा इतिहास पुष्कळांस ठाऊक असतो. त्याच खुनातून एक नाटकमंडळीही जन्मास आली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

जतिंदर वर्मा हा दार-एस-सलाम येथे जन्मलेला आणि नैरोबीत वाढलेला मुलगा १९६८ च्या फेब्रुवारीत, वयाच्या चौदाव्या वर्षी इंग्लंडला आला. पूर्व आफ्रिकेतील भारतीयांची वाट अडविणारा कायदा त्यानंतर थोड्याच दिवसांत संमत झाला. चग्गरच्या मृत्यूने अस्वस्थ झालेल्या वर्मा व त्यांच्या मित्रांनी १९७७ साली ‘तारा आर्ट्स’ स्थापन केली. त्याच वर्षी बॅटर्सी येथे त्यांनी पहिले नाटक सादर केले. ते होते रवींद्रनाथांचे ‘विसर्जन’.

ही निवड मला विलक्षण वाटते. आपल्यातील एकाचा खून झालेला असताना त्या खुनावरच नाटक बेतणे स्वाभाविक ठरले असते, आणि त्यास कोणी नावे ठेविली नसती. या मुलांनी १८९० सालचे बंगाली नाटक घेतले. त्रिपुराचा राजा गोविंदमाणिक्य देवीपुढील पशुबळी बंद करतो. पुजारी रघुपती त्याविरुद्ध कारस्थान रचतो. अखेर रघुपतीने पुत्रवत् वाढविलेला जयसिंह देवीपुढे स्वतःचेच रक्त देतो. धर्माच्या नावाने सांडणारे हे रक्त परक्याने सांडलेले नाही, ते आपल्याच देवळातले आहे. परक्यांच्या द्वेषाने होरपळत असताना स्वतःच्या परंपरेतील हिंसेलाही प्रश्न विचारणे, यास मोठे धैर्य लागते. ‘आम्ही केवळ बळी नव्हे, आम्हांस आमचा वाद आहे, आमचे वाङ्मय आहे’ असेच जणू ती मुले गोऱ्या प्रेक्षकांस सांगत होती.

नाटकाने सुरे म्यान झाले, असे मात्र कोणी समजू नये. २३ एप्रिल १९७९ रोजी त्याच साउथॉलमध्ये नॅशनल फ्रंटविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच हे शिक्षक प्राणास मुकले. नाटकांनी बदलला तो उच्चार. शाळेत ज्या बोलण्याची टिंगल होई, ते भारतीय वळणाचे इंग्रजी आता रंगभूमीची भाषा झाले. वर्मांनी त्यास ‘बिंग्लिश’ असे खट्याळ नाव दिले. १९९० मध्ये त्यांनी लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये मोलियेरचे ‘तार्तूफ’ आशियाई नटसंचासह बसविले.

पुढच्याच वर्षी त्याच रंगमंचगृहात शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ झाले. देवलांच्या पदांवर वाढलेल्या आपल्या घरांत चारुदत्त आणि वसंतसेना ही नावे परकी नाहीत. ती तेथे इंग्रजीत बोलली, साउथॉलपासून काही मैलांवर, चग्गरच्या खुनानंतर १५ वर्षांनी.