रामटेकची वाट

आमच्या रिद्धपुरावरून सहा नंबरचा हायवे कधी गेलाच नाही. तो खाली अमरावतीवरून जातो; त्यासाठी आम्हाला चांदूरबाजार, वलगाव करत उतरावं लागतं. तरी आबा हट्टानं म्हणायचे, “थे सडक पयले आपल्याच गावातून जाये.” पुरावा विचारला की ते थेट यादवांच्या काळात शिरायचे आणि भडोचच्या प्रधानाच्या पोराची गोष्ट सुरू व्हायची.

पोराचं नाव हरपाळदेव. जुगारात हरला, बायकोच्या दागिन्यांवरून घरात बिनसलं, मन उडालं. त्यानं बापाकडे रामटेकच्या यात्रेची परवानगी मागितली. बाप राजी होईना, कारण वाट यादवांच्या मुलखातून जाणार आणि गुजरातचं नि देवगिरीचं वाकडं. अखेर सोबत माणसं देऊन धाडलं. पोरानं मुक्कामामुक्कामावरून ती माघारी लावली आणि रिद्धपुरात एकटाच शिरला. इथे रांधवणहाटात गुंडम राऊळ, म्हणजे आमचे गोविंदप्रभू, शेंगुळे खात होते. त्यांनी हातातला प्रसाद दिला आणि हरपाळाचे चक्रधर झाले. रामटेकचा बेत तिथेच मोडला. आजीला या गोष्टीतल्या ज्ञानापेक्षा शेंगुळ्यांचं कौतुक जास्त. “उपाशी आलता बिचारा,” ती मधेच म्हणायची, आणि आबा चिडायचे.

आबांचा हट्ट मला पुढे नकाशा पाहताना पटत गेला. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघालेला सहा नंबर नवापूर, धुळे, जळगाव, मलकापूर, अकोला, अमरावती, नागपूर करत रायपूर, संबलपूर, खरगपूरवरून कोलकात्याला पोचायचा. सुमारे 1,950 किलोमीटर, सहा राज्यं. यातली नागपूरपर्यंतची रेघ म्हणजे ढोबळमानानं हरपाळाचीच वाट. ही वाट कुणा इंजिनियरनं शोधलेली नाही. वर सातपुडा, खाली अजिंठ्याची रांग, मधून तापी आणि पूर्णा पश्चिमेकडे वाहतात. त्या पट्ट्यातून बैलालाही चढ लागत नाही. टॉमस रो 1615 साली सुरतेहून बुऱ्हाणपुराला गेला तो तापीच्याच अंगानं. शिवाजी महाराजांनी 1670च्या ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि डिसेंबरात आमच्या वऱ्हाडातलं कारंजा. एकाच पट्ट्यातल्या या दोन पेठा, त्यांना कुठली कुठे आहे हे नीट ठाऊक होतं.

मग रिद्धपूर बाजूला का पडलं? माझा आपला तर्क असा. वऱ्हाडाची राजधानी अचलपूर होती तोवर रहदारीचा ओढा सातपुड्याच्या पायथ्याला होता. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून. कापूस तिकडे वळला, जिन-प्रेस तिकडे गेल्या, आणि पुढे डांबरी सडकही रुळांच्या सोबतीनंच गेली. त्याआधी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा, पाचशे मैल. बंजाऱ्यांचे तांडे दिवाळीनंतर निघायचे, कारण आमची काळी माती पावसाळ्यात बंडीचं चाक आसापर्यंत गिळते. आबांचे वडील धुरकरी होते. सरकी अमरावतीला पोचवून रात्री परतताना ते बंडीत झोपायचे आणि बैल घरी आणून सोडायचे, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते बैल मला पाहिल्यासारखे वाटतात.

वाटांची सर्वांत बारीक नोंद मात्र सरकारच्या कुठल्या खात्यानं ठेवली नाही, ती चक्रधरांच्या पंथानं, महानुभावांनी ठेवली. म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास इथेच, वाजेश्वरीत बसून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यासाठी ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठत ते गावोगाव हिंडले. भाविक त्यात लीळा वाचतात, भाषेचे अभ्यासक क्रियापदं. मला त्यात मुक्काम दिसतात: अळजपूर, मेहकर, लोणार, पैठण, कुठल्या गावी बिढार पडलं, कुठे नदीकाठी पाणी प्याले. आणि ‘स्थानपोथी’ तर सरळ वाटाड्याच आहे. स्वामी बसले तो ओटा कुठे, कुठल्या देवळाच्या कुठल्या दिशेला, सगळं लिहिलेलं. मैलाचे दगड उचलून नेता येतात. आमच्याकडचे ओटे अजून जागेवर आहेत आणि त्यांवर माथा टेकणारे काळ्या वस्त्रांतले साधू ‘दंडवत प्रणाम’ म्हणत रोज येतात.

गंमत अशी की स्वामींनी अनुयायांना कानडी आणि तेलुगू मुलखात जायला मनाई केली होती. दक्षिण बंद, उत्तरेबद्दल तशी ताकीद नव्हती. पंथ चालत चालत पंजाबात गेला, पेशावरपर्यंत त्याचे मठ झाले. तिकडे त्यांना जयकृष्णी म्हणतात. पंजाबी यात्रेकरू आले की आबा ओसरीवर सतरंजी टाकायचे. पगडीतले ते लोक मराठी पोथीतली वचनं म्हणायचे, आणि आम्ही पोरं त्यांना ‘तिकडे थंडी किती’ एवढंच विचारू शकायचो.

2010 साली क्रमांक बदलले. सहाचा आमच्याकडचा भाग त्रेपन्न झाला आणि तो आता कोलकात्याला न जाता ओडिशात पारादीपच्या बंदराला लागतो. ड्रायव्हर मंडळी मात्र अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. अकोला-अमरावती टप्प्यानं वर्षानुवर्षं आमची हाडं खिळखिळी केली, आणि मग 2022च्या जूनमध्ये त्याच टप्प्यावर लोणी ते माना 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीजचा विक्रम झाला. विक्रमाचं कौतुक आहेच. आधीची वर्षं कुणी मोजली नाहीत, हेही खरं.

आबा असते तर त्यांनी 2024 साली गावात सुरू झालेल्या मराठी भाषा विद्यापीठाचा पुरावा पुढे केला असता: पाहा, वाट परत वळली. माझ्या चुलतभावाला विद्यापीठाचं अप्रूप आहे, पण त्याचं चित्त संत्र्यात. मोर्शी-वरुडचा माल नागपूर, रायपूर करत कोलकात्याकडून बांगलादेशात जातो, आणि तिकडच्या सरकारनं आयातशुल्क वाढवत नेल्यापासून इथल्या बागेतला भाव तिथल्या निर्णयावर हलतो. परवा त्याचा आंबिया बहाराचा ट्रक गेला होता. जेवताना त्यानं ड्रायव्हरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, संबलपूरच्या अलीकडं आहो, पाऊस आहे. “ताडपत्री पाय लेका,” भाऊ म्हणाला आणि भाकरीकडे वळला.