आम्लवर्षा आणि उंच चिमण्यांचा भ्रम

१८५२ साली रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनतज्ज्ञाने मँचेस्टरच्या हवेवर आणि पावसावर एक निबंध प्रसिद्ध केला. शहरात आणि शहराभोवती पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचे पृथक्करण करताना त्याला तीन पट्टे दिसले. दूरच्या शेतशिवारातल्या पावसात अमोनियम कार्बोनेट होते, उपनगरांत त्याच्या जागी अमोनियम सल्फेट आले होते आणि ऐन शहरात गंधकाम्ल किंवा आम्लधर्मी सल्फेट होते. एवढ्यावरून सगळे रसायन उलगडते. शेणामुतातून आणि कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारा अमोनिया आम्लाला शमवतो. उपनगरांपर्यंत तो पुरा पडत होता, शहरात मात्र आम्ल वरचढ ठरत होते. रंगीत कापड फिके पडणे, लोखंड गंजणे, इमारतींचे दगड झिजणे या साऱ्यांचा संबंध स्मिथने याच आम्लाशी जोडला आणि १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात ‘आम्लवर्षा’ हा शब्दही वापरला. युरोपातल्या देशांनी या प्रश्नावर एकत्र करार केला तो १९७९ साली. मधला सव्वाशे वर्षांचा काळ अज्ञानात गेला, असे सहज म्हटले जाते. पुरावा तसे सांगत नाही. आम्ल कसे तयार होते हे कळले होते, ते उगमापाशी अडवण्याची युक्तीही सापडली होती. तरीही उद्योगांनी आणि सरकारांनी पुन्हापुन्हा एकच वाट धरली, ती म्हणजे आपल्या दारातले आम्ल उचलून दुसऱ्याच्या दारात टाकण्याची.

आधी रसायन पाहू, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. स्वच्छ हवेतला पाऊसही थोडा आम्लधर्मी असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल बनते आणि पावसाचा सामू ५.६ च्या आसपास येतो. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे ४.६ सामूचा पाऊस ऐकायला थोडासाच वेगळा वाटला, तरी त्याची आम्लता दहापट असते. कोळशात गंधक असते. तो जळला की सल्फर डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हवेतल्या हायड्रॉक्सिल कणांशी किंवा ढगाच्या थेंबात विरघळलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी गाठ पडली की त्याचे गंधकाम्ल होते. भट्टी आणि इंजिनाच्या प्रखर उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि पुढे नायट्रिक आम्ल तयार होते. ही रूपांतरे काही तासांपासून काही दिवसांपर्यंत चालतात आणि तेवढ्या वेळात वारा तो वायू शेकडो किलोमीटर नेतो. वजनाचा हिशेबही साधा आहे. शंभर टन कोळशात एक टक्का गंधक असेल तर ते झाले एक टन. त्यातून दोन टन सल्फर डायऑक्साइड आणि अखेर सुमारे तीन टन गंधकाम्ल तयार होऊ शकते. धूर विरळ झाला म्हणून या तीन टनांतला एक किलोही कमी होत नाही.

हा हिशेब पहिल्यांदा चव्हाट्यावर आला तो कोळशापायी नव्हे, धुण्याच्या सोड्यापायी. निकोला लब्लां या फ्रेंच माणसाने १७९१ साली मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले होते. मिठावर गंधकाम्ल ओतायचे, त्यातून मिळणारे सोडियम सल्फेट कोळसा आणि चुनखडीबरोबर भाजायचे आणि त्या काळ्या राखेतून पाण्याने सोडा वेगळा काढायचा. साबण, काच आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागे. हिंदुस्थानच्या बाजारात येणारे लँकेशायरचे कापडही याच रसायनांच्या जोरावर धुतले आणि शुभ्र केले जाई. १८२३ साली इंग्लंडमध्ये मिठावरचा कर उतरला आणि जेम्स मस्प्रॅटने लिव्हरपूलमध्ये लब्लां कृतीने सोडा करायला सुरुवात केली. पुढे सेंट हेलेन्स आणि विडनेस ही गावे या धंद्याची केंद्रे बनली. पण पहिल्याच पायरीवर शंभर टन मिठामागे साठ टनांहून अधिक हायड्रोजन क्लोराइड वायू सुटे, आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून तो हायड्रोक्लोरिक आम्लाचे धुके होऊन पसरे. झाडे करपली, कुंपणाच्या जाळ्या वाळल्या, पिके गेली. जमीनदारांनी खटले भरले. लिव्हरपूल शहराने १८३८ साली मस्प्रॅटवर खटला चालवला.

कारखानदारांचे उत्तर होते चिमणी उंच करण्याचे. ग्लासगोच्या सेंट रोलॉक्स कारखान्यात १८४२ साली उभी राहिलेली टेनंटची चिमणी १३० मीटरहून उंच होती. वायू उंचावर सोडला की विरळ होऊन जाईल, असा त्यामागचा तर्क. प्रत्यक्षात तो अधिक लांबच्या शेतांवर उतरला आणि नुकसान कोणत्या कारखान्यामुळे झाले हे कोर्टात सिद्ध करणे शेतकऱ्याला अधिक अवघड झाले. दुसरे उत्तरही त्याच वेळी हाताशी होते. विल्यम गॉसेजने वूस्टरशायरमध्ये एक ओसाड पवनचक्की काट्याकुट्यांनी आणि झुडपांच्या फांद्यांनी भरली, वरून पाणी सोडले आणि त्यातून हा वायू जाऊ दिला. फांद्यांमुळे पाण्याचा पृष्ठभाग कितीतरी पट वाढला आणि पाण्यात चटकन विरघळणारा तो वायू तिथेच अडकला. १८३६ साली त्याने या मनोऱ्याचे पेटंट घेतले. तरी पुढची सत्तावीस वर्षे बहुतेकांनी तो नीट वापरलाच नाही, कारण पकडलेल्या आम्लाला पुरेसे गिऱ्हाईक नव्हते आणि हवेत सोडायला पैसे पडत नव्हते. तंत्र नव्हते म्हणून प्रदूषण झाले, या म्हणण्याला इथेच छेद जातो.

अखेर लॉर्ड डर्बी यांच्या अध्यक्षतेखाली संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची समिती बसली आणि १८६३ साली अल्कली कायदा झाला. निदान ९५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल पकडलेच पाहिजे, एवढी नेमकी अट त्यात होती. पहिला निरीक्षक नेमला गेला तो हाच स्मिथ. धंदा बुडेल ही ओरड खरी ठरली नाही. थोड्याच काळात कारखाने ९८ टक्क्यांच्या पुढे गेले. सुरुवातीला पकडलेले आम्ल सरळ ओढ्यांत सोडले जाई आणि कारखान्याबाहेर साचलेल्या गंधकयुक्त गाळाशी त्याची गाठ पडली की सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड उठे. म्हणजे हवेतला त्रास पाण्यात गेला आणि पाण्यातून पुन्हा हवेत आला. हा फेरा तुटला तो वेल्डन आणि डीकन यांच्या कृतींनी त्या आम्लापासून क्लोरीन काढणे स्वस्त झाले तेव्हा. ब्लीचिंग पावडर विकून कारखान्यांना इतका पैसा मिळू लागला की सॉल्वेच्या नव्या, स्वस्त सोड्यासमोर लब्लांचा धंदा काही दशके तगला तो याच आधारावर. कालपर्यंत फुकट उधळलेले आम्ल धंद्याचा कणा झाले.

मग कोळशाच्या गंधकाचे काय? कायद्याने त्याला हात लावला नाही, आणि स्मिथला शहरात सापडलेले गंधकाम्ल तर मुख्यतः त्याचेच होते. यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि त्यात तथ्य आहे. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात अधाशासारखा विरघळतो, सल्फर डायऑक्साइड तेवढा विरघळत नाही. शिवाय कोळशाच्या धुरात तो फार विरळ असतो आणि घराघरातल्या चुलीपासून गिरणीपर्यंत सगळीकडून निघतो. व्हिक्टोरियन काळात तो पकडणे खरोखरच कठीण होते. पण ही सबब विसाव्या शतकाला लागू पडत नाही. लंडनच्या बॅटरसी वीजकेंद्रात १९३० च्या दशकातच धूर पाण्याने धुतला जात होता. चुनखडीच्या पातळ लगद्यातून धूर नेला की गंधक जिप्सम होऊन खाली बसते आणि ते जिप्सम भिंतींच्या फळ्यांसाठी विकले जाते. तरीही १९५२ च्या डिसेंबरातल्या लंडनच्या जीवघेण्या धुरक्यानंतर, ज्यात तेव्हाच्या अंदाजानुसार चार हजार माणसे दगावली, ब्रिटनने १९५६ च्या कायद्याने भर दिला तो काजळीवर. गंधकासाठी जुनेच औषध निघाले. ड्रॅक्स वीजकेंद्राची चिमणी २५९ मीटर उंच बांधली गेली. कॅनडातल्या सडबरीच्या निकेल भट्ट्यांसाठी १९७२ साली ३८१ मीटरची चिमणी सुरू झाली.

उंच चिमण्यांच्या बाजूने बोलण्यासारखे आहे, ते नाकारू नये. आसपासच्या वस्तीच्या श्वासातला वायू त्यांनी खरोखर कमी केला आणि माणसे वाचली. चूक होती ती विरळ होणे म्हणजे नाहीसे होणे असे मानण्यात. १९६७ साली स्वीडनच्या स्वान्ते ओडेन याने पावसाच्या नोंदी आणि वाऱ्याच्या वाटा जुळवून दाखवले की स्कँडिनेव्हियावर पडणारे आम्ल बव्हंशी परदेशी धुराचे आहे. तिथला खडक मुख्यतः ग्रॅनाइटचा, मातीत चुन्याचा अंश नगण्य. त्यामुळे आम्ल शमवायला काहीच नव्हते. आम्लाने मातीतले ॲल्युमिनियम सुटे होऊन तळ्यांत उतरले, माशांच्या कल्ल्यांना चिकटले आणि तळीच्या तळी मासळीविना झाली. मँचेस्टरच्या शिवारात अमोनियाने जे काम केले होते, ते करणारा इथे कोणी नव्हता. १९८५ च्या हेलसिंकी करारात गंधक तीस टक्क्यांनी घटवण्याचे ठरले तेव्हा ब्रिटनने सही केली नाही. पुरावा अपुरा आहे, हे तेव्हाचे कारण. पण गंधक कुठे गेले हे सांगण्याची जबाबदारी ते सोडणाऱ्यावर असायला हवी होती, ज्याचे मासे मेले त्याच्यावर नाही. ज्वालामुखी आणि समुद्रही गंधक सोडतात, हा आणखी एक आक्षेप. ते खरे आहे, पण ज्वालामुखी मँचेस्टरच्या मध्यावर नव्हता, आणि स्मिथचे पट्टे शहरापासूनच्या अंतराप्रमाणे बदलत होते.

हा इतिहास आपल्यालाही लागू आहे. ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या औष्णिक संचांना २७५ मीटरची चिमणी, असा भारतातला जुना नियम आहे. धुरातले गंधक काढण्याची यंत्रणा बसवण्यास भाग पाडणारे मापदंड २०१५ साली आले, मुदती वाढत गेल्या आणि २०२५ साली बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आहे आणि हवेतली चुनखडीयुक्त धूळ आम्ल शमवते, असे त्याचे समर्थन होते. उत्तर भारतापुरते धुळीचे म्हणणे बरेचसे खरेही आहे. पण कमी टक्का गुणिले प्रचंड कोळसा याचा गुणाकार मोठाच येतो, आणि कोकणच्या जांभ्या मातीत ना चुना आहे ना पावसाळी हवेत धूळ. डहाणूच्या चिकूबागायतदारांनी हे ओळखले होते. तिथल्या वीजकेंद्राला २७५ मीटरची चिमणी होतीच, तरी लोकांनी लढा सोडला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने स्थापन झालेल्या प्राधिकरणाने पाठपुरावा केला आणि २००७ साली समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा सुरू झाली.

ब्रिटनमधून १९७० च्या सुमारास वर्षाला साठ लाख टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड निघत होता, आज तो दोन लाख टनांच्याही खाली आहे. धूर धुणे आणि कोळसा सोडणे या दोन्हींनी ते साधले. तिथले शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र २०२४ साली बंद झाले. म्हणजे प्रश्न सुटतो, आणि तो सुटण्याची रीत १८६३ च्या कायद्यातच होती. उगमापाशी मोजा, किती टक्के पकडायचे ते आकड्यात लिहा आणि तपासायला स्वतंत्र निरीक्षक ठेवा. जिथे हे झाले तिथे आम्ल घटले आणि धंदाही टिकला. जिथे नुसती चिमणी वाढली तिथे फक्त सोसणाऱ्याचा पत्ता बदलला. त्यामुळे कोणत्याही वीजकेंद्राला विचारायचा पहिला प्रश्न चिमणी किती उंच हा नाही. कोळशाबरोबर आत गेलेले गंधक टनांत किती आणि त्यातले पकडलेले किती, हा आहे.