रकाना आणि माणूस

शिरगणती म्हणजे नुसती डोकी मोजणे, असे आपण समजतो. पण मोजण्याआधी माणसांचे गट पाडावे लागतात, आणि गट पाडणे हे निव्वळ गणित नसते.

आपल्याकडे १८७२ च्या पहिल्या जनगणनेपासून जातीची नोंद होत असे. १९०१ साली जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची नुसती नोंद न करता समाजात कोण वरचा, कोण खालचा, अशी उतरंडही लावली. सरकारी कागदावर ठरलेली पायरी पिढ्यान्‌पिढ्या चिकटणार, हे लोकांनी ओळखले. जातींच्या सभा भरल्या, अर्ज गेले. १९११ साली एकट्या बंगालमध्ये आलेल्या अशा अर्जांचे वजन दीड मण भरले! सगळ्या जातींचे आकडे शेवटचे छापले गेले ते १९३१ च्या जनगणनेचे. १९५१ पासून फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या गेल्या.

महाराष्ट्रात मात्र कसोटी लागली ती धर्माच्या रकान्यात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. १९५१ साली आजच्या महाराष्ट्रात बौद्धांची संख्या काही हजारच होती. १९६१ मध्ये ती सुमारे २८ लाख झाली. हे उत्तर देणे सोपे नव्हते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत धरले जायचे तर धर्म हिंदू असावा लागे. शिखांना ही वाट १९५६ साली पूर्णपणे खुली झाली. म्हणजे ‘बौद्ध’ म्हणावे तर केंद्राच्या सवलती जाणार, आणि जुने नाव सांगावे तर जे टाकून दिले तेच पुन्हा कागदावर येणार. दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला काय सांगायचे, हा पोटाचा प्रश्न होता आणि स्वाभिमानाचाही. तरीही लाखो लोकांनी ‘बौद्ध’ असेच सांगितले. कायदा बदलून बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला १९९० साल उजाडावे लागले.

स्त्री-पुरुष हा रकाना तर कायमचाच, असे वाटे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तृतीयपंथीयांच्या नोंदवह्या ठेवल्या, त्या संशयित म्हणून. २०११ च्या जनगणनेत प्रथमच ‘इतर’ हा पर्याय आला आणि सुमारे ४ लाख ८८ हजार माणसे त्यात नोंदली गेली. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली.

आता २०२७ च्या जनगणनेत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आहे. रकाने सरकार आखते; त्यांत काय लिहायचे ते आपण सांगतो. बहुतेक घरांत कुटुंबप्रमुखच सगळ्यांची उत्तरे देऊन मोकळा होतो. या वेळी घरातल्या प्रत्येकाला आधी विचारावे, एवढेच सांगणे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)