सिल्की कोंबडी आणि पिल्लांतील नर-मादी ओळखण्याचा इतिहास

सिल्की ही पूर्व आशियातील, विशेषतः चीनमधील, कोंबडीची जुनी जात असून तिच्या पिसांची रचना इतर कोंबड्यांपेक्षा वेगळी असते. सामान्य पिसाचे बारीक तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकतात आणि त्यामुळे पिसाला पात्यासारखा सपाटपणा येतो. सिल्कीच्या पिसांत हे आकडे नीट तयार होत नाहीत, म्हणून तिचे अंग पिसांऐवजी लोकरीने झाकल्यासारखे दिसते. याखेरीज काळपट त्वचा, काळी हाडे, पायाला चारऐवजी पाच बोटे, निळसर कर्णपाळी आणि डोक्यावर पिसांची दाट शेंडी ही तिची ओळख होय. तेराव्या शतकाच्या अखेरीस चीनमध्ये राहिलेल्या मार्को पोलोच्या प्रवासवृत्तात पिसांऐवजी मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख येतो आणि तो याच जातीचा असावा, असे सामान्यतः मानले जाते.

चीनमध्ये या पक्ष्याला ‘वूगूजी’, म्हणजे काळ्या हाडांची कोंबडी, असे म्हणतात, आणि जिआंगशी प्रांतातील तायहे परगणा तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. सोळाव्या शतकातील वैद्य ली शिजेन याने आपल्या ‘पेन्त्साव कांगमू’ या औषधिकोशात तिचे गुण वर्णिले असून, पुरुष रोग्याला मादी आणि स्त्री रोग्याला नर द्यावा, असा विधी सांगितला आहे. म्हणजे या जातीत नर कोणता आणि मादी कोणती हा प्रश्न औषधापुरता तरी महत्त्वाचा होता. मात्र तो वाढ झालेल्या पक्ष्यापुरताच होता, कारण बाजारात येईपर्यंत आरवणे आणि अंडे घालणे या दोन गोष्टींनी निवाडा केलेला असे. एका दिवसाच्या पिल्लाचे लिंग कळावे अशी निकड त्या समाजात कुणालाच नव्हती, कारण खुडूक कोंबडीखाली निघालेली सगळी पिल्ले अंगणात एकत्रच वाढत आणि त्यांतले जादा कोंबडे यथावकाश स्वयंपाकघरात जात.

निकड नसली तरी कुतूहल फार जुने आहे. लांबट टोकदार अंड्यांतून माद्या निघतात आणि गोलसर अंड्यांतून नर, असे ॲरिस्टॉटलच्या ग्रंथाचा प्रचलित पाठ सांगतो, तर रोमन कृषिलेखक कोलुमेला नेमके याच्या उलट सांगतो. दोन हजार वर्षांच्या अंतराने पाहता या वादातील एकही बाजू खरी ठरत नाही, तरीही अंड्याचा आकार पाहून उबवणीची अंडी निवडण्याची समजूत अनेक देशांतील खेड्यांत अगदी अलीकडेपर्यंत टिकून राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उबवणी यंत्रांचा प्रसार झाला आणि एका दिवसाची पिल्ले रेल्वेने व टपालाने दूरवर पाठवण्याचा धंदा उभा राहिला, तेव्हा कुतूहलाचे रूपांतर हिशोबात झाले. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याने शंभर पिल्ले विकत घेतली, तर त्यांतली सुमारे निम्मी नर निघणार आणि ती ओळखू येईपर्यंत कित्येक आठवडे त्यांना फुकट दाणा घालावा लागणार, हे त्याला परवडणारे नव्हते.

या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर मिळण्याच्या वाटेवर सिल्की स्वतः उभी होती, ही या इतिहासातील सर्वांत रोचक बाब होय. केंब्रिजचे आनुवंशिकीतज्ज्ञ विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी सिल्की आणि ब्राऊन लेगहॉर्न यांचे संकर करून काळ्या त्वचेचा वारसा कसा चालतो याचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये तो सविस्तर प्रसिद्ध केला. सिल्की मादी आणि लेगहॉर्न नर यांची पिल्ले, नर असोत वा मादी, फिक्या त्वचेचीच निघत. पण जोडी उलटी केली, म्हणजे सिल्की नर आणि लेगहॉर्न मादी एकत्र आणली, तर माद्या गडद काळ्या आणि नर मात्र फिके निघत. याचे कारण असे की पक्ष्यांत नराची लिंगगुणसूत्रे एकसारखी (झेड-झेड) असतात, तर मादीत एक झेड आणि एक डब्ल्यू असते; त्वचेतील काळे रंगद्रव्य दडपणारा लेगहॉर्नचा घटक झेड गुणसूत्रावर असल्यामुळे आईकडून तो फक्त मुलग्यांना मिळतो. गुण आणि लिंग अशा रीतीने एकाच गुणसूत्रावर बांधले गेल्यास त्याला लिंगनिगडित वारसा म्हणतात, आणि एकदा ही गाठ कळली की पिल्लाचा रंग हाच त्याच्या लिंगाचा दाखला ठरतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई असताना पनेट यांनी हेच तत्त्व पिसांच्या रंगाला लावून नर पिल्ले जन्मतःच वेगळी करावीत, म्हणजे दाणा वाचेल, असे सुचवले. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मायकेल पीझ यांच्यासह बार्ड प्लिमथ रॉक आणि गोल्डन कँपाइन यांच्या संकरातून ‘कँबार’ ही जात तयार केली, जिच्यात प्रत्येक पिढीत नर पिल्ले फिकट आणि मादी पिल्ले गडद निघत; दर वेळी नवा संकर करण्याची गरज उरली नाही.

दुसरे उत्तर जपानमधून आले आणि ते कोणत्याही जातीला लागू पडणारे होते. टोकियो इंपीरियल विद्यापीठातील कियोशी मासुई आणि त्यांचे सहकारी जुरो हाशिमोतो यांनी १९२० च्या दशकाच्या मध्यास दाखवून दिले की पिल्लाचा अवस्कर, म्हणजे विष्ठा व जननमार्ग यांचे समाईक द्वार, अंगठ्याने हलकेच उलगडला तर आत टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा दिसतो, जो नरात गोल, चकचकीत आणि टणक असतो, तर मादीत चपटा असतो किंवा दिसतही नाही. अडचण एवढीच की निसर्गाने मधले नमुनेही पुष्कळ ठेवले आहेत, आणि खरे कसब त्यांनाच ओळखण्यात आहे. १९२७ मध्ये ओटावा येथील जागतिक कुक्कुट परिषदेत हे तंत्र पाश्चात्त्यांपुढे आले. त्यानंतर जपानी ‘कानबेत्सुशी’, म्हणजे पिल्लांचे परीक्षक, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपात हंगामी कामासाठी जाऊ लागले. तासाला हजाराच्या आसपास पिल्ले तपासून शंभरात एखाद-दुसरीच चूक करणारा माणूस उबवणी केंद्राला मिळाला, तर त्याच्या मजुरीबद्दल मालक घासाघीस करत नसे.

परीक्षकांना आपण काय पाहतो हे सांगता येत नाही, ते केवळ अंतःप्रेरणेने ओळखतात, ही कथा तत्त्वज्ञांना फार आवडली. मात्र १९८७ मध्ये बीडरमन आणि शिफ्रार या मानसशास्त्रज्ञांनी कोठे पाहावे आणि कोणता आकार शोधावा एवढेच नवख्यांना थोडक्यात समजावले, तेव्हा छायाचित्रांवरील त्यांचा अचूकपणा सुमारे ६० टक्क्यांवरून ८४ टक्क्यांपर्यंत गेला. अंतःप्रेरणेचे बरेचसे गूढ त्यामुळे विरले.

या दोन्ही उत्तरांचा लाभ शुद्ध सिल्कीला फारसा झाला नाही. तिच्या नर-माद्या दोघांचीही त्वचा सारखीच काळी असल्यामुळे, बेटसन-पनेट यांना संकरात दिसलेला फरक शुद्ध वंशात दिसत नाही. अवस्कर तपासणारा निष्णात परीक्षक मोठ्या केंद्रातच परवडतो, आणि पाश्चात्त्य देशांत सिल्की ही छोट्या कळपांची, हौशी पालकांची कोंबडी राहिली. पंखांच्या पिसांची लांबी पाहून लिंग ठरवण्याची पद्धतही केवळ त्या हेतूने जुळवलेल्या वाणांतच चालते. बाकी जातींत तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नराच्या मानेवर आणि कमरेवर टोकदार, चमकदार पिसे येतात, परंतु सिल्कीच्या केसाळ पिसांत ही खूण पुसट होते. तुरादेखील साधा, करवतीसारखा नसून अक्रोडासारखा खडबडीत, आडवा असतो आणि तो शेंडीत अर्धा झाकला जातो. म्हणून जाणते पालक अनेक खुणा एकत्र पाहतात: नराचा तुरा लवकर रुंदावतो, चोचीखालची मांसल पाळी वाढते, त्याच्या शेंडीतून काही लांब केस मागे झुकतात, तर तलंगेची, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण मादीची, शेंडी गोल गोंड्यासारखी राहते. तरीही चार-पाच महिन्यांपर्यंत, कधी त्याहून अधिक काळ, हा अंदाज चुकतो.

महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेला कडकनाथ हा झाबुआचा काळा पक्षी सिल्कीसारखाच काळा आहे, कारण त्वचेत रंगद्रव्य साठवणारे एकच जनुकीय उत्परिवर्तन दोघांतही आढळते. परंतु कडकनाथाची पिसे सामान्य आणि तुरा एकेरी, उभा असल्याने त्याचा नर सिल्कीच्या नरापेक्षा बराच लवकर ओळखू येतो. म्हणजे अडचण काळेपणात नसून लोकरीत आणि अक्रोडी तुऱ्यात आहे. अलीकडे मुळाशी रक्त असलेले एखादे पीस प्रयोगशाळेत पाठवून झेड आणि डब्ल्यू गुणसूत्रांवरील जनुकांच्या फरकाने पिल्लाचे लिंग निश्चित करता येते, आणि महागड्या वंशावळीच्या सिल्कीसाठी काही पालक हा खर्च करतात. बाकीचे पालक ली शिजेनच्या काळाप्रमाणेच एका सकाळी कोण आरवते याची वाट पाहतात.