कर्नलने तारीख लिहायची कशी?

अमेरिकेची अधिकृत वेळ राखण्याचं काम तिथल्या नौदलाच्या वेधशाळेकडे असतं. १ जानेवारी २००० रोजी याच वेधशाळेच्या संकेतस्थळावर वर्ष झळकलं : १९१००. घड्याळं बिनचूक चालली होती. चूक झाली ती तारीख छापताना.

या चुकीचं मूळ अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन प्रयोगशाळेत सापडतं. तिथे घडलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजली जाई, कारण अमेरिकेतल्या वीजपुरवठ्याची वारंवारता ६० हर्ट्झ. त्या हिशेबाने ३२ बिटांचा मोजणीचा आकडा जेमतेम ८२८ दिवसांत भरून जायचा. म्हणून पुढे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजण्याची पद्धत आली. माणसाला वाचता यावं यासाठी सी भाषेत या सेकंदांचे वर्ष, महिना, दिवस असे तुकडे करतात. त्यात वर्ष १९०० पासून मोजलेलं असतं, जानेवारी म्हणजे शून्य, आणि महिन्यातला दिवस मात्र १ पासून. १९९९ साठी मिळणारा आकडा ९९, २००० साठी १००. त्यात १९०० मिळवायचे असतात. अनेकांनी आकड्याच्या आधी नुसतं '१९' जोडलं होतं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलनेही, हीच मांडणी उचलली. संगणक बंद असतानाही बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाच्या चिपा अनेक कंपन्यांच्या, आणि प्रत्येकीचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप हाताळणारा कर्नलमधला कोड, वेगळा. सी लायब्ररीतलं तारीख छापणारं तयार फंक्शन कर्नलच्या आत वापरता येत नाही. त्यामुळे ज्याने त्याने स्वतःची ओळ लिहिली. कुणी वर्षात १९०० आणि महिन्यात १ मिळवून नीट तारीख छापली, कुणी या मांडणीतले कच्चे आकडेच तपासणीच्या संदेशात टाकले. मार्चमधली नोंद एका ड्रायव्हरमध्ये ३ म्हणून दिसे, दुसऱ्यात २ म्हणून. मध्यरात्री बंद पडलेल्या सर्व्हरच्या नोंदी चाळणाऱ्याला हा फरक फार महागात पडू शकतो.

२०१८ च्या अखेरीस कर्नलचे एक विकासक अँडी शेवचेंको यांनी ही बेरीज कर्नलच्या छपाईच्या सामाईक कोडमध्येच नेऊन ठेवली. तारीख छापण्याची ही नवी सूचना पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, छापण्याच्या जुन्या खुणेलाच जोडलेली होती : टक्क्याचं चिन्ह, मग 'पी', 'टी', 'आर'. यात मोठी सोय होती. पॉइंटरच्या खुणेनंतर आलेल्या अक्षरांबद्दल कंपायलर तक्रार करत नाही, म्हणून नेटवर्कचे पत्तेही कर्नल याच वाटेने छापत आला आहे. ड्रायव्हरने फक्त तारखेचा पत्ता द्यायचा, १९०० आणि १ आपोआप मिळवले जातात. कच्चे आकडे खरोखरच हवे असतील, तर शेवटी 'आर' हे अक्षर आणखी एकदा लिहायचं.

छापील रूप आयएसओ ८६०१ या १९८८ च्या मानकाप्रमाणे ठरलं : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ही निवड योग्यच होती. अमेरिकी माणूस महिना आधी वाचतो आणि युरोपीय दिवस आधी, हा घोळ इथे उरत नाही. शिवाय नोंदी अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमानेच लागतात.

या मानकात तारीख आणि वेळ यांच्यामध्ये रोमन 'टी' येतो. कर्नलमधल्या बऱ्याच जुन्या संदेशांत तिथे मोकळी जागा असायची. २०२१ मध्ये त्यासाठी 'एस' हे अक्षर वाढवण्यात आलं. ते लिहिलं की 'टी' जाऊन मोकळी जागा येते, आणि जुन्या संदेशांचं दिसणं न बदलता त्यांनाही सामाईक पद्धतीवर आणता येतं.