आनंदीबाई जोशी यांचे बालपण आणि शिक्षण

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (जन्म : ३१ मार्च १८६५ – मृत्यू : २६ फेब्रुवारी १८८७, पुणे) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत. त्या कल्याणच्या जोशी घराण्यातील होत्या. एकोणिसाव्या शतकातील मराठी मुलीच्या वाट्याला येणारे बालपण, बालविवाह, अकाली मातृत्व आणि त्यांतून शिक्षणाची निघालेली वाट यांचे त्यांचे चरित्र हे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

बालपण व विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे कल्याणचे जमीनदार. परंतु यमुनेच्या लहानपणी घराण्याची सांपत्तिक स्थिती उतरणीला लागली होती. १८७४ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, तिचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर असून वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. विवाहानंतर मुलीला शिकविण्यास कोणी आडकाठी करू नये, अशी त्यांची अट होती. विवाहानंतर यमुनेचे नाव ‘आनंदी’ ठेवण्यात आले.

घरातील शिक्षण

गोपाळराव स्त्रीशिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. लोकहितवादींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि पत्नीला संस्कृतपेक्षा इंग्रजी शिकविणे अधिक उपयुक्त आहे, असे त्यांचे मत झाले. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाईंचे शिक्षणही गावोगावी फिरत राहिले. शिकणारी विवाहित मुलगी हा त्या काळी लोकांच्या कुचेष्टेचा विषय होता.

या शिक्षणाला दुसरी बाजूही होती. गोपाळरावांचा स्वभाव हट्टी व तापट होता. लहान वयात त्यांनी केलेल्या मारहाणीचा आणि दिलेल्या धमक्यांचा उल्लेख आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात केला आहे. आपल्या उन्नतीचे श्रेयही त्या पतीलाच देत असत. त्यामुळे प्रारंभी शिक्षणाची इच्छा पतीची होती की पत्नीची, हा प्रश्न अभ्यासकांनी वारंवार चर्चिला आहे.

वैद्यकाकडे वळण

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. परंतु योग्य वैद्यकीय मदतीअभावी तो दहा दिवसांतच दगावला. त्या काळी अनेक स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास संकोच करीत आणि स्त्री-डॉक्टर जवळजवळ नव्हत्याच. या अनुभवानंतर वैद्यक शिकण्याचा आनंदीबाईंचा निश्चय दृढ झाला.

पत्नीच्या शिक्षणासंबंधी गोपाळरावांनी मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पाठविलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या ते वाचनात आले व १८८० पासून त्यांचा आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी मानत.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी अमेरिकेला जाण्यामागील हेतू सांगणारे इंग्रजी भाषण केले. एकटी का जाते, जातिबहिष्काराचे काय, कोणत्याही स्त्रीने न केलेली गोष्ट आपण का करावी, अशा आक्षेपांना त्यांनी एकेक करून उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धारही त्यांनी जाहीर केला.

अमेरिकेतील शिक्षण आणि संस्कृती

एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्याच वर्षी त्यांना फिलाडेल्फियाच्या ‘विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ येथे प्रवेश मिळाला. शाकाहार आणि साडी त्यांनी सोडली नाही; मात्र थंडीमुळे नऊवारीऐवजी अंग अधिक झाकणारे गुजराती पद्धतीचे नेसण स्वीकारले. आपल्या चालीरीतींत काय राखावे आणि काय बदलावे, हा निर्णय परक्या देशात त्या स्वतः घेऊ लागल्या होत्या.

त्यांच्या प्रबंधाचा विषय ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा होता. प्राचीन भारतीय ग्रंथांतील वैद्यकज्ञान त्यांनी आधुनिक वैद्यकाच्या विद्यापीठात अभ्यासविषय म्हणून मांडले. ११ मार्च १८८६ रोजी, वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांना पदवी मिळाली. या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली यांनी कलकत्त्यात वैद्यकशिक्षण पूर्ण केले.

अखेर

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने प्रकृती खालावलेल्या स्थितीत त्या १८८६ च्या अखेरीस भारतात परतल्या आणि पद स्वीकारण्यापूर्वीच पुणे येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आला व न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत ठेवण्यात आला.

वाङ्मय आणि स्मृती

अमेरिकन लेखिका कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये आनंदीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले; एका स्त्रीने मराठीत लिहिलेले स्त्रीचे चरित्र म्हणूनही त्याला महत्त्व आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी, अंजली कीर्तने यांचा संशोधनपर चरित्रग्रंथ आणि २०१९ मधील ‘आनंदी गोपाळ’ हा मराठी चित्रपट यांमुळे त्यांचे नाव पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचले. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे आडनाव देण्यात आले आहे.